पोराचे पैसे चालतात, पोरीचा प्रश्न का चालत नाही?

(दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र. मुलगी अकरावी आर्ट्सला, दहावीत ७८ टक्के. गावातली पोरं बाहेर जाऊन पैसे पाठवतात, त्यानं गावाचं काय होतं, यावर तिला संशोधन करायचं आहे. वडिलांचा प्रश्न: एमपीएससीचा क्लास अमरावतीत लावू की यवतमाळात?)

भाऊ, गुणांची मला काळजी नाही. अडलो ते तुमच्या चौथ्या ओळीला. लिहिता, ‘मोठा चाकणला कंपनीत आहे, महिन्याला नऊ हजार टाकतो, त्यावर घर चालते.’ आणि लगेच खाली, ‘पोरगी पुण्याला राहणार नाही, हे पक्कं.’ एक जण बाहेर गेला म्हणून घर उभं आहे. दुसरी तेच समजून घ्यायचं म्हणते तर तिला वेस बंद! ‘असल्या अभ्यासाला नोकरी कोण देते’ हे तिच्यासमोर बोलणं आधी थांबवा. क्लासचं मी सांगणार नाही. एमपीएससीला पदवी लागते. अकरावीत क्लास लावणं म्हणजे पेरणीआधी कापसाला व्यापारी पाहणं.

तिचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. ज्या घरचा पोरगा गेला तिथं स्लॅब पडला, शेजारी कवेलूच राहिले. मग फरक पैशानंच पडला का? पहिल्याकडे आधीपासून दोन एकर ओलीत असेल, चाकणला मामा असेल. किंवा नापिकी झाली म्हणूनच पोरगा गेला असेल, मग पैसे येणारी घरंच गरीब दिसतील. अर्थतज्ज्ञांची निम्मी मेहनत हा गुंता सोडवण्यात जाते. डीन यांग या अर्थतज्ज्ञांनी त्यासाठी १९९७ चं आशियाई आर्थिक संकट धरलं. फिलिपिन्सचे कामगार तेव्हा वेगवेगळ्या देशांत होते. त्यांचं चलन पेसो घसरलं, तसे आखातातल्या पगाराचे पेसो एकदम वाढले. मलेशिया-कोरियातल्यांचे तेवढे नाहीत. कोण कुठे हे संकटाआधीच ठरलेलं, म्हणून तुलना बरीच खरी. जिथं जास्त पैसे आले तिथं पोरांची शाळा वाढली, बालमजुरी घटली, भांडवल लागणारे धंदे सुरू झाले. हे झालं घरापुरतं. देशाच्या वाढीचा दर त्यानं वाढतो का, यावर अजून एकमत नाही.

हे सगळं गणिताशिवाय होत नाही. ‘आर्ट्स घेतलं, गणित सुटलं’ हा समज तुमच्या पत्रातही आहे, आणि नुकसान तिथंच होतं. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला कलन (कॅल्क्युलस), मॅट्रिक्स, संभाव्यता रोज लागते. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. ऑनर्स अर्थशास्त्राला तर बारावीचं गणित आधीच मागतात. आपल्या बोर्डात आर्ट्सलाही गणित घेता येतं. याच आठवड्यात प्राचार्यांना विषय बदलून मागा. शिक्षकच नसेल तर बारावीनंतर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फक्त गणित देता येतं.

पुढची वाट ठरलेली: पदवी, मग एम.ए. किंवा एम.एस्सी. (पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था किंवा लोकसंख्येच्या अंगानं देवनारची आयआयपीएस), नेट ही पात्रता परीक्षा, पीएच.डी. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये. सरकारी नोकरीच हवी असेल तर यूपीएससीची भारतीय आर्थिक सेवाही अर्थशास्त्राच्या एम.ए.नंतर आहेच.

तोवर तिला एक वही द्या. तीस घरं: पंधरा जिथून कोणी गेलं, पंधरा जिथून कोणीच नाही. दुसरी पंधरा गाळली तर तुलनाच उरत नाही. कोण, कोणत्या महिन्यात, कुठे गेलं. शेती किती, ओलीत किती. ‘महिन्याला किती पाठवतो?’ विचारू नये, लोक ठोकून सांगतात. ‘शेवटचे कधी आले, किती आले, कशाला गेले?’ असं विचारावं. फोनपेवरच भरवसा ठेवला तर चंद्रपूर-गडचिरोलीकडून तेलंगणात मिरची तोडायला जाणारे शून्यावर दिसतील. ते पैसे परतताना खिशात आणतात. ज्या घराला कुलूप आहे, सगळं कुटुंबच गेलं, तेही लिहून ठेवावं, नाहीतर सगळ्यात मोठं स्थलांतरच वहीतून निसटतं. बायांचा रकाना वेगळा करावा: २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित होते, त्यांत मोठा वाटा लग्न होऊन आलेल्या बायांचा. तिची आई बाहेरगावची असेल, तर तीही त्यातच मोजली गेली.

पहिलं घर तुमचंच धरा. मोठ्याचे नऊ हजार कुठे जातात ते तिला खरं सांगा, उधारी असेल तर तीही.