दुखणं आधी सरांना सांग

प्रिय बाळ,

तुझं लांबलचक पत्र वाचलं. नव्या सरांचं वेळापत्रक, जुन्या सरांची आठवण, ट्रॅकवर परतल्याचा आनंद, निवड चाचणीची घाई, सगळं वाचलं. पण अडकले ते शेवटी शेवटी घाईघाईत लिहिलेल्या एका वाक्यापाशी: 'नडगीत जरा जाणवतंय, पण सरांना अजून बोलले नाही, उगाच गैरसमज नको.' बाकीचं नंतर बोलू. आधी हे.

आज शांतपणे बस आणि नडगीच्या आतल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत बोट दाबत ने. दुखरा भाग चांगला चार-पाच बोटं पसरलेला असेल, धावायला लागल्यावर थोड्या वेळात कमी होत असेल, तर बहुधा हाडाला लागून असलेल्या भागाची कुरकुर आहे. पण दुखणं एका बोटाच्या टोकावर मावेल एवढ्याच जागी असेल, धावताना वाढत जात असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर उद्याचं धावणं बंद आणि थेट डॉक्टर. जुन्या स्ट्रेस फ्रॅक्चरच्या, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेल्या बारीक तड्याच्या, जागीच असेल तर दुसरा विचारसुद्धा नको. आणि एका पायावर उड्या मारून 'बघू या दुखतंय का' असले प्रयोग घरी करू नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते. पहिल्या प्रकारातलं वाटलं तरी तो निकाल तू द्यायचा नाहीस, आणि इतक्या लांबून मी तर नाहीच नाही.

का लपवलंस ते कळतं मला. नवे सर, नवा ग्रुप, त्यात तू आलीस ती दुखापत घेऊनच. 'ही सारखी दुखते' असा शिक्का बसायची भीती. पण जरा त्यांच्या बाजूनं बघ. जुन्या सरांनी तुला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. वॉर्मअपच्या दोन फेऱ्यांत तुझा खांदा कसा पडलाय त्यावरून ते ओळखायचे की आज हिची झोप झालेली नाही. नव्या सरांकडे तसलं काही नाही. तू जे सांगशील तेवढंच त्यांना ठाऊक. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला तू 'मस्त, सर' म्हणालीस की पुढच्या आठवड्याचे किलोमीटर त्या 'मस्त'वर ठरतात. मग वेळापत्रक चुकलं तर दोष कुणाचा?

तू म्हणतेस दम अजिबात लागत नाही, चार मिनिटं धाव आणि एक मिनिट चाल हा प्रकार हास्यास्पद वाटतो. दम लागणार नाहीच. दुखापतीच्या सुट्टीत तू खोल पाण्यात पट्टा बांधून धावलीस, सायकल मारलीस, हृदय-फुप्फुसं बऱ्यापैकी शाबूत राहिली. शिवाय रक्तातलं घटलेलं पाणी सराव सुरू झाला की एक-दोन आठवड्यांत भरून येतं. हाडाचा हिशोब वेगळा आहे. ताणानं थकलेला भाग आधी खरवडून काढला जातो, त्याला काही आठवडे लागतात. त्या जागी नवं हाड भरायला त्यानंतरचे काही महिने, आणि ते पुरतं टणक व्हायला आणखी वेळ. म्हणजे मधल्या काळात ती जागा उलट कमजोर असते. दुखणं थांबतं ते याच काळात कधीतरी, काम पुरं होण्याच्या कितीतरी आधी. छाती म्हणते पळ आणि नडगी अजून तयार नाही, असे हे दिवस आहेत. सर त्या नडगीचं वेळापत्रक लिहितायत.

तुझ्या ग्रुपमधली मुलगी अकिलीस, म्हणजे टाचेमागचा टेंडन, दुखत असताना धावते आणि तिला कुणी काही म्हणत नाही, हीही तुझी तक्रार. बरोबर आहे, म्हणणारच नाहीत. टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, दुखण्यात थोडंफार दुखणं चालवून घेतात, अट एवढीच की दुसऱ्या सकाळपर्यंत ते पूर्वपदावर यायला हवं. टेंडनला भार देतच बरं करावं लागतं. हाडाच्या बाबतीत ही सवलत नाही. तिथे 'थोडं दुखतंय' हीसुद्धा थांबायची खूण. तिचं औषध तुला लागू नाही.

आणि जोन बेनॉइटचं नाव घेऊन माझं तोंड बंद करायचा प्रयत्न केलास, तो मला आवडला! खरंच आहे: १९८४ साली गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर १७ दिवसांनी तिनं अमेरिकेची ऑलिंपिक निवड मॅरेथॉन जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला सुवर्णपदकही. पण तिची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली होती. गुडघ्यात अडणारा भाग काढला आणि अडचण संपली. तुझ्या नडगीतून काढून टाकण्यासारखं काही नाही, तिथे भरून यायचं आहे. तुला उदाहरण हवंच असेल तर पॉला रॅडक्लिफचं घे. त्या वेळचा मॅरेथॉनचा जागतिक विक्रम तिच्या नावावर होता. २००८ मध्ये मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, सरावाचे आठवडे गेले, तरी ती बीजिंग ऑलिंपिकच्या मॅरेथॉनला उतरली आणि तेविसावी आली. त्यानंतर अडीच महिन्यांनी, नोव्हेंबरात, न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. बाई तीच, मधले अडीच महिने तेवढे वाढले.

दुसरी खटकलेली गोष्ट. सरांनी दिलेलं करून झालं की घरी जाताना जुन्या वेळापत्रकातलं 'थोडंसं' तू उरकून घेतेस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. थेट लिहिलेलं नाहीस, पण आठवड्याची बेरीज जुळत नाही. दोन सरांची वेळापत्रकं एका पायावर चालवू नकोस. जुनी पद्धत बरी वाटत असेल तर तोंडावर विचार, 'सर, हे असं का?' चांगला प्रशिक्षक या प्रश्नाला चिडत नाही. चिडलाच, तर तेही लवकर कळलेलं बरं.

जुनी डायरी त्यांना देऊन टाक. उत्तम वेळांचीच पानं नकोत, बुडलेल्या दिवसांचीही हवीत. फ्रॅक्चरच्या आधीचे सहा-आठ आठवडे त्यांना बघू देत: किलोमीटर किती वाढवले होते, बूट कधी बदलले, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) किती वेळा घातले. एमआरआयचा रिपोर्टही दे. नव्या सरांना तुझी पावलं जरा जवळ जवळ पडायला हवीत, हे तू वैतागून लिहिलंयस. त्यात तथ्य आहे. पावलांची गती पाच-दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार घटतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. फक्त पावलं, बूट आणि अंतर एकाच आठवड्यात बदलायला लागले तर नम्रपणे सांग की एकेक करू या. पुढे काही दुखलं तर कशामुळे ते कळेल तरी.

एक नाजूक विषय. पाळी नियमित येते का? धावणं कमी झालं म्हणून जेवण कमी केलंस का? दोन्हींचा हाडांशी थेट संबंध आहे. खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चाला पुरेनाशी झाली की शरीर जी कामं मागे टाकतं त्यात पाळी आणि हाडांची डागडुजी दोन्ही येतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं, आणि ती मुलग्यांनाही होते. हाड भरून येत असताना पोट मारायचं नाही. पाळी तीन महिने चुकली असेल तर 'धावणाऱ्या मुलींचं असंच असतं' म्हणून अंगावर काढू नकोस. सरांशी बोलायचा संकोच वाटला तर फिजिओला सांग, डॉक्टरांना सांग, पण सांग.

निवड चाचणीचं विचारलंस. त्याचं उत्तर मी देणार नाही, सरांनीही आत्ताच देऊ नये. सलग तीन-चार आठवडे न दुखता धाव, मग ते तारीख काढून बसतील.

आज रात्रीच त्यांना फोन कर. प्रस्तावना नको, माफी नको. कुठे, कधीपासून, कितपत, आणि रात्री दुखतं की नाही, एवढं सांग. ते काय म्हणाले ते मला उद्या कळव.

तुझी
ताई