‘अर्थ’ म्हणजे पैसा, मग ‘स्वार्थ’ म्हणजे काय?

प्रश्न असा आला आहे : ‘अर्थमंत्री’मधला अर्थ आणि ‘कवितेचा अर्थ’मधला अर्थ हा एकच शब्द, की योगायोगाने सारखे दिसणारे दोन? एकच असेल, तर आपल्या पूर्वजांना पैसा हेच आयुष्याचं सार वाटत होतं का? आणि मग ‘स्वार्थ’ची शिवी कशी झाली?

शब्द एकच. पण त्याच्या मुळाशी पैसाही नाही आणि आशयही नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘अर्थ्’ हा धातू ‘उपयाच्ञा’, म्हणजे मागणं, या अर्थाने दिला आहे. विद्यार्थी म्हणजे विद्या मागणारा, शरणार्थी म्हणजे आसरा मागणारा, आणि ‘प्रार्थना’तही हेच मागणं आहे. यास्क या प्राचीन व्युत्पत्तिकाराने आपल्या ‘निरुक्त’ या ग्रंथात ‘अर्थ’ हा शब्द ‘ऋ’ म्हणजे जाणे या धातूशी जोडला आहे. कुठूनही गेलात तरी हाती एकच येतं : ज्याच्या मागे माणूस जातो, जे त्याला हवं असतं, ते अर्थ. बोलणाऱ्याला शब्दातून जे पोचवायचं असतं तो शब्दाचा अर्थ. संसार करणाऱ्याला जे मिळवावं लागतं तोही अर्थ. म्हणून पैसा म्हणजेच आयुष्याचं सार, असं या शब्दावरून सिद्ध होत नाही. चार पुरुषार्थांत धर्म, काम आणि मोक्षही आहेत, आणि त्या चौघांनाही ‘पुरुषार्थ’ म्हणताना ‘अर्थ’ हाच शब्द ‘मिळवायची गोष्ट’ म्हणून वापरला आहे!

अरबीतून आलेल्या शब्दांचंही नेमकं हेच झालेलं पाहून मला पहिल्यांदा फार आनंद झाला होता. तिथे त-ल-ब या धातूचा अर्थ मागणे, शोधणे. त्यातून ‘तालिब’ म्हणजे विद्यार्थी, ‘तलब’ म्हणजे ओढ (चहाची तलब आपल्याला ठाऊक आहेच), आणि ‘मतलब’ म्हणजे जे हवं ते. हिंदीत ‘मतलब’ म्हणजे आशय. मराठीत ‘मतलबी’, ‘आपमतलबी’ म्हणजे स्वतःपुरतं पाहणारा. नेपाळीत तर ‘तलब’ म्हणजे चक्क पगार. एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषांतले शब्द मागण्यापासून निघाले आणि विद्यार्थी, आशय, पैसा, आपमतलब या त्याच थांब्यांवरून गेले. ‘वित्त’ मात्र उलट्या बाजूने येतो. ‘विद्’ म्हणजे मिळणे, म्हणून जे मिळालं ते वित्त.

आता कौटिल्याकडे. त्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या पंधराव्या, शेवटच्या अधिकरणात (म्हणजे भागात) त्याने व्याख्या दिली आहे. माणसांची वृत्ती म्हणजे अर्थ. माणसांनी वसलेली भूमी म्हणजे अर्थ. ती भूमी मिळवण्याचे आणि सांभाळण्याचे उपाय सांगणारं शास्त्र ते अर्थशास्त्र. इथे ‘वृत्ती’ म्हणजे स्वभाव नव्हे, उपजीविका. व्याख्येत नाणं नाही, सोनं नाही. माणसं आहेत, त्यांचं पोट आहे आणि पायाखालची जमीन आहे. मराठीने ही जुनी जाण एका साध्या शब्दात जपली आहे : चरितार्थ. संस्कृतात चरितार्थ म्हणजे ज्याचा हेतू साधला तो, आणि हिंदीत एखादी म्हण ‘चरितार्थ’ होते, म्हणजे खरी ठरते. आपण मात्र चरितार्थ ‘चालवतो’. शिलाईवर, दोन म्हशींवर, शिकवण्यांवर. ‘माझा त्याच्याशी अर्थाअर्थी संबंध नाही’ म्हणतो, तेव्हाही ‘कुठल्याच कारणाने नाही’ हे सांगत असतो, पैशापुरतं नव्हे.

‘स्वार्थ’ची गोष्ट थोडी दुःखाची आहे. स्व + अर्थ, म्हणजे आपलं काम, आपला हेतू. यात वाईट काहीच नव्हतं. व्याकरणात तो अजून निर्मळ आहे. ‘मुलं शाळेत जातात’ यातलं ‘जातात’ हे स्वार्थी क्रियापद, कारण ते आज्ञा, कर्तव्य, संकेत असलं काही न सुचवता फक्त स्वतःचा अर्थ सांगतं. संस्कृतात ‘बाल’चं ‘बालक’ होतं तेव्हा ‘क’ हा प्रत्यय ‘स्वार्थे’ लागला म्हणतात, कारण मूळ अर्थ जागचा हलत नाही.

माणसांच्या बाबतीत सर्वांत नेमकी वाटणी भर्तृहरीच्या नावावरच्या नीतिशतकात आहे. स्वार्थ सोडून दुसऱ्याचं काम करणारे सत्पुरुष. स्वार्थाला धक्का न लावता दुसऱ्यासाठी झटणारे सामान्य. स्वार्थासाठी दुसऱ्याचं हित मारणारे मानवी राक्षस. आणि जे ‘निरर्थक’, कशासाठीही नाही, असंच दुसऱ्याचं हित मारतात, त्यांना काय म्हणावं ते आम्हाला कळत नाही, असं कवी म्हणतो. या श्लोकात स्वार्थ असणं हा दोष नाही. तो साधताना दुसऱ्याचं काय होतं यावर माणूस ठरतो. पुढे भाषेने सामान्यांचा स्वार्थ विसरून राक्षसांचाच तेवढा लक्षात ठेवला.

याचा तोटा भाषांतरात लगेच दिसतो. खाटीक, बिअर बनवणारा आणि पाववाला आपापलं हित पाहतात म्हणून आपल्याला जेवण मिळतं, असं अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली लिहिलं. तिथे ‘स्वार्थ’ घातला की मराठी वाचकाला पाववाला मापात मारतोय असंच वाटणार. तिथे ‘स्वहित’ हवं.

‘अनर्थ’चंही पाहा. ‘अर्थमनर्थं भावय नित्यम्’ या विरक्तीच्या उपदेशात पैसा हाच अनर्थ आहे. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या प्रारंभीच्या ओळींत गतीविना वित्त गेलं, वित्ताविना शूद्र खचले, आणि ‘इतके अनर्थ एका अविद्येने केले’. इथे अनर्थ आहे तो वित्त जाण्यात. ज्यांच्याजवळ ते कधी राहूच दिलं गेलं नाही, त्यांच्या बाजूने हा शब्द वापरला गेला, आणि मला तो मूळ ‘अर्था’च्या अधिक जवळचा वाटतो.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी गेल्या महिन्यात दारात थांबून म्हणाल्या, “स्वार्थी वाटेल ताई, पण पैसे जरा वाढवा.” कष्टाचे पैसे मागताना त्यांना आधी स्वतःवरच तो शब्द घ्यावा लागला. मी म्हटलं, “मावशी, हा स्वार्थ नाही, हा तुमचा चरितार्थ आहे.” त्या दोनशे रुपये म्हणत होत्या, आम्ही तीनशे ठरवले.