999 चा शेव्हर की 7,499 चा? आधी कार्डाचं बिल बघू

मिरजेच्या एका वाचकाचा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. ते पंपाच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनियर आहेत, महिन्यातले बारा दिवस टूर, कधी हुबळी, कधी लातूर, कधी नागपूर, हातात 46,000 येतात. घरी साधं रेझर वापरतात, टूरवर मात्र सकाळच्या घाईत युज अँड थ्रोने गाल कापून घेतात नाहीतर सलूनमध्ये 80 रुपये देऊन बसतात, महिन्यातून पाच-सहा वेळा तरी. आता इलेक्ट्रिक ट्रॅव्हल शेव्हर घ्यायचाय. एक पाहिलाय 999 चा, ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण टाइप-सी चार्जिंग आहे आणि शर्टाच्या खिशात मावतो. दुसरा मोठ्या ब्रँडचा, 7,499 चा, सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर. बायको म्हणते स्वस्तातला घ्या, मित्र म्हणतो घ्यायचा तर एकदाच चांगला घे, आणि साडू दुबईला असतात ते म्हणतात मी येताना आणतो. आणि मग मेलच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं, की क्रेडिट कार्डावर 23,000 थकलेत, सध्या मिनिमम ड्यू भरतोय, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, सेव्हिंगला 40,000 आहेत पण ते इमर्जन्सीसाठी म्हणून हात लावत नाही.

दादा, तुम्ही खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत लिहिलीत, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो, शेव्हरवर येतोच.

23,000 वर महिन्याला 3.5 टक्के म्हणजे 805 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 145, झाले 950. म्हणजे तुम्ही दर महिन्याला जवळपास एक 999 चा शेव्हर बँकेला देताय आणि गाल तसेच्या तसे. वर्षाचं धरलं तर नुसतं व्याज 42 टक्के, जीएसटी वेगळा. आणि दुसरीकडे सेव्हिंगमधले 40,000 तुम्हाला काय देतात, तीन टक्क्यांनी धरलं तरी महिन्याला 100 रुपये. शंभर मिळवायचे आणि साडेनऊशे द्यायचे, असा हा धंदा चाललाय.

त्यात अजून एक मेख आहे. मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल ना, तर त्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर सुरू. म्हणजे त्याच कार्डावर 999 चा शेव्हर घेतलात तरी तो 999 ला पडत नाही. आणि ईएमआय केला तर त्याचा दर महिन्याचा हप्ता बिलात येऊन बसतो, बिल पूर्ण भरलं नाही की त्या हप्त्याचा उरलेला भागही 42 टक्क्यांच्या रांगेत.

नो-कॉस्ट या शब्दाबद्दलही सांगून टाकतो कारण यात चांगली शिकलेली माणसंही फसतात. बँक व्याज लावतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी रक्कम आधी डिस्काउंट म्हणून कमी करते, इतकंच. पण व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी. तुमच्या 7,499 ला बँकेचा दर 16 टक्के धरला तर सहा महिन्यांचं व्याज साधारण 340 होतं, त्यावर जीएसटी 60 च्या पुढे, आणि प्रोसेसिंग फी 199 असेल तर जीएसटीसकट 235. म्हणजे तीनशे रुपये गेलेच. आणि रोख किंवा यूपीआयवर जी काही सूट असती ती ईएमआयवर मिळते का हेही बघावं लागतं, बऱ्याचदा मिळत नाही.

हे झालं पैशाचं, आता शेव्हर.

लोक मशीनची किंमत बघतात, मी म्हणतो आधी जाळीची किंमत विचारा. इलेक्ट्रिक शेव्हरमध्ये झिजणारी गोष्ट दोनच, एक म्हणजे जाळी आणि तिच्याखालचं कटर (गोल डोकी असतील तर ती डोकी), आणि दुसरी बॅटरी. बाकी सगळं म्हणजे प्लॅस्टिक आणि एक छोटी मोटर. फिलिप्स 1939 पासून गोल डोक्यांवर आहे, ब्राऊनने 1950 ला एस 50 नावाचा जाळीवाला काढला, आणि आज बाजारात जे काही मिळतं ते बहुतेक या दोन घराण्यांपैकीच, नाव काहीही असो. ब्राऊन सांगतं की जाळी-कटर 18 महिन्यांनी बदला, पॅनासॉनिक म्हणतं बाहेरची जाळी वर्षाने आणि आतली ब्लेड दोन वर्षांनी. कंपनीला सुटे भाग विकायचेत हे खरंच, पण बोथट कटर केस कापत नाही, ओढतो, तेव्हा पूर्ण खोटंही नाही. आणि वॉरंटीत जाळी-ब्लेड साधारण येत नाहीत, ती झिजणारीच वस्तू समजतात.

तुम्ही लिंक पाठवलीत त्या 7,499 वाल्याचं हेड, म्हणजे जाळी-कटरचा सुटा भाग, तिथेच 2,300 ला दिसतंय. फक्त टूरवर वापरणार म्हणजे वर्षाला 144 दाढ्या, चार वर्षांत 576. मशीन आणि दोन हेड मिळून 12,099, एका दाढीला 21 रुपये पडले. कमी वापर म्हणून एकाच हेडवर भागवलं तरी 17. आणि तो 999 चा? त्याची जाळी कुठेच मिळत नाहीये, मी शोधली, त्यामुळे जाळी गेली की मशीन गेलं असंच धरायचं. वर्षभर टिकला तर 7 रुपये दाढी, दोन वर्षं टिकला तर साडेतीन. म्हणजे हिशेबात बायको बरोबर आहे.

पण हाच 7,499 वाला तुम्ही घरीही वापरलात, वर्षाला 300 दाढ्या, तर चार वर्षांत तो 10 रुपयांवर येतो. घरच्या रेझरच्या कार्ट्रिज, फोम यांचा खर्च वाचतो तो वेगळाच. म्हणजे मित्रही चूक नाही, फक्त तो दुसऱ्याच माणसाला सल्ला देतोय, रोज त्याच मशीनने दाढी करणाऱ्याला. तुम्ही मेलमध्ये स्वच्छ लिहिलंय की घरी रेझरच आवडतं. मग महिन्यातले अठरा दिवस बॅगेत झोपणाऱ्या वस्तूवर साडेसात हजार कशाला.

आणि तुम्ही आजवर इलेक्ट्रिकने दाढी केलेलीच नाही. कातडीला सवय व्हायला तीन-चार आठवडे जातात, सुरुवातीला मान लाल होते, रेझरसारखी गुळगुळीत तर शेवटपर्यंत होत नाही. काहींना ते चालतच नाही. माझ्या ओळखीत निदान दोन जण आहेत ज्यांचे महागडे शेव्हर डब्यासकट कपाटात आहेत, आणि देऊनही टाकत नाहीत कारण महाग होता! पहिला शेव्हर हा ट्रायल असतो, ट्रायलला एक हजार ठीक आहेत. दाढी तीन दिवस वाढवून मग करायची सवय असेल तर तेही आधीच लक्षात घ्या, लांब खुंटावर जाळीवाला छोटा शेव्हर अडतो, आधी ट्रिमर फिरवावा लागतो.

आता स्वस्तातल्याची दुसरी बाजू, माझ्यावरच गेलेली. काही वर्षांपूर्वी मीही असाच एक खिशातला घेतला होता, सात-आठ महिने छान चालला, मग पुण्याहून नागपूरला जाताना गाडीच्या बेसिनमध्ये हातातून पडला, जाळीचा कोपरा केसाएवढा फाटला, मला दिसला नाही, आणि गालावर अशी रेघ ओढली गेली की क्लायंटने पहिला प्रश्न तोच विचारला. जाळी शोधायला गेलो तर विकणाऱ्याचं पानच गायब. माझा राग नाही, पैसे वसूल झाले होते, पण तेव्हापासून जाळी कुठे फाटलीय का हे बोटाने चाचपल्याशिवाय मी मशीन गालाला लावत नाही, तुम्हीही लावू नका.

मधला एक रस्ता आहे जो तुमच्या यादीत नाहीये आणि मला तोच जास्त आवडतो. मोठा ब्रँड म्हणजे महागच असं नसतं, याच कंपन्यांनी पेन्सिल सेलवर चालणारे साधे ट्रॅव्हल शेव्हर काढलेत, फिलिप्सचा पीक्यू 206, ब्राऊनचा एम 90, पॅनासॉनिकचा ईएस 3831, तिन्ही दोन पेन्सिल सेलवर. दिसायला जुनाट, रोज दाढी करणाऱ्यासाठी कमी ताकदीचे, पण टूरवाल्यासाठी गंमत अशी की चार्जिंगची भानगडच नाही, लातूर स्टँडवर टपरीवर सेल मिळतो. आणि तीन वर्षांनी आतली बॅटरी मेली म्हणून मशीन फेकायची वेळ येत नाही, बॅटरी मेली की वीस-तीस रुपयांत नवी. हजार-दोन हजारांत यातला एखादा मिळाला, आणि त्याची जाळी किंवा डोकी सुटी मिळत असतील, तर 999 वाल्याऐवजी तो घ्या. नाही मिळाला तर अडून बसू नका.

चार्जिंगवरून आठवलं. 999 वाल्याची टाइप-सी ही खरंच सोय आहे, मोबाइलच्याच वायरवर होतो. महागड्यांपैकी बरेच स्वतःचाच चार्जर मागतात, तो हुबळीच्या लॉजवर राहिला की तुम्हीही राहिलात, आणि कुठलाही दुसरा अडॅप्टर बसतोय म्हणून खुपसायचा नसतो, व्होल्टेज वेगळं असू शकतं. रेल्वेत चार्ज करीन असं धरून चालू नका, रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचा नियम आहे. घरून निघताना चार्ज करायचा, आणि दोन टूरच्या मध्ये पूर्ण रिकामा करून ठेवायचा नाही, लिथियम बॅटरी शून्यावर पडून राहिली की लवकर जाते. कधी विमानाने गेलात तर इलेक्ट्रिक शेव्हर केबिन बॅगेत चालतो, सुटी ब्लेड चालत नाहीत.

"वॉशेबल" आणि "वेट अँड ड्राय" यातही गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ नळाखाली धुता येतो, दुसऱ्याचा अर्थ ओल्या गालावर, फोम लावून चालतो. धुता येतो म्हणून आंघोळ करताना वापरला आणि आत पाणी गेलं तर वॉरंटीवाले हात वर करतात.

999 वाला घेणारच असाल तर पेजवर खाली जाऊन इम्पोर्टरचं नाव-पत्ता, कस्टमर केअर आणि कुठल्या देशात बनला हे बघा. हे देणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि जो एवढंही लिहीत नाही तो वॉरंटी काय देणार. बिल मेलवर जपून ठेवा, तक्रार ऐकली नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे. स्टार रेटिंगवर मी फार जात नाही, एक-दोन स्टारवाल्यांनी सहा महिन्यांनी काय लिहिलंय तेवढंच वाचतो.

साडूंचं. दुबईहून आणलेल्या मशीनची वॉरंटी इथल्या सर्व्हिस सेंटरला चालेलच असं नाही, तिथली चौकोनी तीन पायांची पिन आपल्या भिंतीत बसत नाही, आणि नातेवाइकाने आणलेली वस्तू बिघडली की तोंड उघडता येत नाही ते वेगळंच. ते भेट म्हणून देत असतील तर घ्या आनंदाने, पैसे देऊन मागवू नका.

तर माझं उत्तर. आज, म्हणजे खरंच आज, सेव्हिंगमधून 23,000 भरून कार्ड शून्यावर आणा. तुम्ही म्हणाल मग इमर्जन्सीला 17,000 च राहतात. राहतात, पण डोक्यावर 42 टक्क्यांचं कर्ज ठेवून बाजूला ठेवलेले पैसे हे अर्धे बँकेचेच असतात, आणि उद्या खरंच दवाखाना निघालाच तर तेच कार्ड, आता मोकळं झालेलं, पंधरा दिवस निभावून नेईल. मग पेन्सिल सेलवाला किंवा 999 वाला, जो मिळेल तो, यूपीआयने घ्या, कार्डाने नको. सलूनचे महिन्याला 440 धरले तर 999 वाला अडीच महिन्यांत वसूल, नंतर सहाव्या महिन्यात बंद पडला तरी तुम्ही फायद्यातच. 7,499 वाल्याला तिथे पोचायला 17 महिने लागले असते.

व्याजाचे 950 आणि सलूनचे 440, मिळून 1,390 होतात, पगार झाला की दुसऱ्या दिवशी तेवढे सेव्हिंगला वळते करायचे, दीड वर्षाच्या आत तुमचे 40,000 परत भरतात. तोपर्यंत टूरवर शेव्हर अंगवळणी पडला, घरीही रेझर सोडावंसं वाटलं, तर तेव्हा मोठा घ्या, रोख घ्या, मी आडवा येणार नाही.

आणि हो, कार्ड पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात तीन-चारशे रुपये व्याज दिसेल. बँकेला फोन करून भांडू नका, बिल निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरलेत त्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. तेही पूर्ण भरा, मिनिमम नाही, म्हणजे त्याच्या पुढच्या बिलापासून कार्ड परत बिनव्याजी होईल.