बक्षीसपत्रावर सही करू का?

प्रश्न : माझं वय 74. कोथरूडचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर, खरेदीखतही माझंच. धाकटा मुलगा-सून माझ्याजवळ राहतात, लेक नाशिकला असते. मुलगा म्हणतो, "आई, फ्लॅट बक्षीसपत्राने माझ्या नावावर कर. स्टॅम्प ड्यूटी फक्त 200 रुपये, नंतर कोर्टकचेरी नको." एजंटाने कागद तयार केलाय, सोमवारी रजिस्टर ऑफिसला जायचंय. ताईला इतक्यात सांगू नकोस, असंही म्हणाला. मुलगा वाईट नाही, पण मला झोप लागत नाही. सही करू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : काकू, सोमवारी जाऊ नका. "ताई येऊ दे, मग बघू," एवढंच सांगा. मुलाच्या मनात चांगलंच असेल, तर आठ दिवस थांबून काही बिघडत नाही.

200 रुपयांचं खरं आहे. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क तेवढंच आहे, अधिभार वेगळा. पण स्वस्तात होतं म्हणून डोक्यावरचं छप्पर देऊन टाकायचं नसतं. बक्षीसपत्र नोंदलं गेलं की फ्लॅट मुलाचा. उद्या त्याने तो गहाण टाकला किंवा विकला, तर तुमची सही लागणार नाही. आणि नुसतं मन बदललं म्हणून तुम्हाला ते रद्द करता येत नाही.

नंतरच्या कोर्टकचेरीची काळजी असेल तर मृत्युपत्र करा. तुम्ही आहात तोवर घर तुमचं, आणि वाटेल तेव्हा मृत्युपत्र बदलता येतं. दोन साक्षीदार लागतात. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा, आणि तुमची बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

शिवाजीनगर कोर्टात मी वर्षानुवर्षं वारसाचे दावे चालवतेय. बक्षीसपत्राच्या भांडणात सही बहुतेक वेळा खरीच असते. अंगठा खरा, रजिस्टर ऑफिसात काढलेला फोटोही खरा. आजींना तिथे कोणी नेलं, काय सांगून नेलं, कागद वाचून दाखवला का, हे मात्र त्या कागदावर कुठेच नसतं. तेच सिद्ध करण्यात वर्षं जातात, आणि आजींकडे तेवढी वर्षं नसतात. म्हणून दावा लागण्याआधीचं काम मला जास्त मोलाचं वाटायला लागलं. कोणी आईवडिलांना घेऊन आलं की मी मुलांना खाली चहाला पाठवते, दार लावते आणि विचारते, "या कागदाने काय होणार, तुमच्या शब्दांत सांगा." एक आजी म्हणाल्या, "लाइटबिल मुलाच्या नावावर होणार." माझ्या हातात त्यांच्या बंगल्याचं बक्षीसपत्र होतं.

तरीही द्यायचंच ठरवलंत, तर मसुदा नीट वाचा. "प्रेमापोटी, राजीखुशीने" एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. तुम्ही तहहयात याच घरात राहणार आणि तुमचं जेवणखाण, औषधपाणी मुलाने बघायचं, ही अट त्यात स्पष्ट हवी. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 याच अटीवर उभं आहे. मुलाने ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडे प्रांताधिकारी, व्यवहार रद्द ठरवू शकतं. अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं खरं, पण तिथे सांभाळ करण्याचं मुलाने लिहून दिलेलं होतं. तोंडी शब्दावर राहू नका.

मला सगळ्यात खटकलं ते "ताईला सांगू नकोस". फ्लॅट कोणाला द्यायचा हा सर्वस्वी तुमचा अधिकार, लेकीची परवानगी लागत नाही. पण जे लेकीपासून लपवायला सांगितलं जातंय, त्यावर घाईने सही करू नका. आजच तिला फोन करा. मूळ खरेदीखत आणि इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर ऑफिसातला नोंदणीचा उतारा, स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवा. बक्षीसपत्राबरोबर कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद, पुढे केलं, तर त्यावरही सही नको.

दबाव वाढला तर 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे. वकिलाच्या फीची अडचण असेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना एजंटाचा मसुदा बरोबर न्या, आणि एकट्या जा किंवा लेकीला घेऊन.