टीव्हीवाल्यांच्या करारावर सही करण्याआधी

पोरी,

करार मिळाला, जोडपत्रांसकट वाचला. सही करू का, असं विचारलंयस. हो की नाही ते पुढे सांगतो, पण त्याआधी या लोकांना तुझ्याकडून नक्की काय हवंय ते बघ.

तू ज्या ड्रॅग रेसिंगमध्ये, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ पट्टीवरच्या शर्यतीत, तयार झालीस, त्यातला आपला हौशी प्रकार टीव्हीला दाखवता येत नाही. प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधी जाहीर करतो, तो डायल-इन. 11.20 डायल-इनची गाडी आधी सुटते, 9.50 वाली मागून तिला गाठते, आणि रेषेजवळ आल्यावर चालक मुद्दाम ब्रेकवर पाय ठेवतो, कारण डायल-इनपेक्षा हजारांश सेकंदानं जरी लवकर पोचला तर ब्रेकआउट, म्हणजे बाद. म्हणजे पुढे गेलेला हरतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाला हे गणित समजावेपर्यंत टॉप फ्युएलच्या, म्हणजे सगळ्यात वेगवान व्यावसायिक वर्गाच्या, दोन जोड्या सुटून थांबायची पॅराशूट उघडूनही झालेल्या असतात. पावणेचार सेकंद, ताशी 330 मैल, आणि जो पुढे तो जिंकला. एनएचआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत शेकडो स्पोर्ट्समन, म्हणजे हौशी, गाड्या प्रवेश फी भरून येतात, दिवसभर लेनमध्ये रांग लावतात, आणि प्रक्षेपणात कधी निवेदकाच्या पाठीमागून जाताना दिसतात. मला यात कारस्थान दिसत नाही. जाहिरातदार ज्याचे पैसे देतो ते दाखवलं जातं, एवढंच. पण ज्या माध्यमाला आपला खेळ नको आहे त्याला तू हवी आहेस, तेव्हा त्याला तुझ्याकडून दुसरंच काहीतरी हवंय.

पैसा या खेळात कसा आला आणि कसा गेला ते तुमच्या पिढीला कुणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो. अमेरिकेत टीव्ही-रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिराती 2 जानेवारी 1971 पासून बंद झाल्या. (1 तारखेपासून का नाही? नववर्षदिनाचे फुटबॉल सामने जाहिरातींसह उरकून घ्यायचे होते!) तंबाखू कंपन्यांच्या हातात जाहिरातीचा पैसा उरला आणि तो शर्यतींकडे वळला. 1975 मध्ये विन्स्टन ही सिगारेट एनएचआरएची मुख्य प्रायोजक झाली. जाहिरातीला बंदी होती, भिंतीवरच्या फलकाला नव्हती, आणि कॅमेरा फिरला की फलक घराघरांत दिसायचा. पंचवीसहून अधिक वर्षं हे चाललं. मग 1998 मध्ये तंबाखू कंपन्या आणि राज्यांमध्ये तडजोड झाली. एका कंपनीला एकच मोठं प्रायोजकत्व ठेवायची मुभा उरली, विन्स्टनवाल्यांनी नॅसकार ही दुसरी मोटार शर्यत मालिका निवडली, आणि 2001 च्या हंगामानंतर ते आपल्याकडून गेले. आले ते वॉशिंग्टनच्या कायद्यामुळे, गेले ते वकिलांच्या तडजोडीमुळे. मधल्या काळात कोण किती वेगानं पळालं याचा त्यांच्या येण्याजाण्याशी काडीचा संबंध नव्हता. पुढे कोका-कोला आली. 2020 मध्ये महामारीत तिनं हात काढून घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टापर्यंत गेलं.

2007 ची गोष्ट मात्र तुझ्या कराराच्या जास्त जवळची आहे. एनएचआरए ही ना-नफा संघटना. वॉली पार्क्सनी 1951 मध्ये काढली, ती रस्त्यावर जिवावर उदार होऊन पळणाऱ्या पोरांना धावपट्टीवर आणायला. त्या संघटनेनं 2007 मध्ये व्यावसायिक शर्यतींचा भाग, काही धावपट्ट्यांसकट, एचडी पार्टनर्स नावाच्या कंपनीला सुमारे 12 कोटी डॉलरला विकायचं ठरवलं. खरेदीदारांचा म्होरक्या होता एडी हार्टेनस्टाइन, डायरेक्टटीव्हीचा माजी अध्यक्ष. टीव्हीचा माणूस काय विकत घेत होता बघ: टॉप फ्युएल, फनी कार (दुसरा व्यावसायिक वर्ग), प्रक्षेपण. हौशी शर्यती जुन्या संघटनेकडेच राहणार होत्या. सौदा त्याच वर्षी फिसकटला, पण तो कंपनीच्या भागधारकांनी पाठिंबा दिला नाही म्हणून. स्पोर्ट्समनांनी आरडाओरडा केला म्हणून नव्हे. मला त्या सौद्याचा राग नाही. उलट ज्याची किंमत होते ते कुठे संपतं आणि आपण कुठे सुरू होतो, याची रेघ इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुणी मारलेली मी पाहिली नाही.

आता तुझ्या निर्मात्यांकडे येऊ. 2013 मध्ये डिस्कव्हरीनं ‘स्ट्रीट आउटलॉज’ आणलं, ओक्लाहोमा सिटीच्या रस्त्यांवरचं. पार्क्सनी ज्यांना रस्त्यावरून आत आणलं त्यांना टीव्हीनं परत रस्त्यावर नेलं. नंतर त्यातूनच ‘नो प्रेप किंग्ज’ निघालं, धावपट्टीवरचं पण चिकट द्रव न फवारलेलं. पकड नसली की गाडी आडवी जाते, भिंतीला घासते, आणि ते पडद्यावर दिसतं छान. तुला पाठवलेला आराखडा याच वळणाचा आहे. त्या कार्यक्रमांमुळे काही जणांचं खरंच भलं झालं, टी-शर्ट विकून दुकानं उभी राहिली, हे कबूल. पण त्या मालिकेसाठी लाखो डॉलरच्या गाड्या बांधलेल्यांची मालिका थांबल्यावर काय गत झाली, ते पिटमध्ये, गाड्या तयार करतात तिथे, कुणालाही विचार. त्या गाड्या दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये धड बसत नाहीत.

करारातलं पान 4. तुझी प्रतिमा, आवाज, गाडी आणि ‘जीवनकथा’ यांचे हक्क कायमचे आणि ‘साऱ्या विश्वात’ त्यांचे. विश्वात असंच लिहायची पद्धत आहे, त्यावर हसून पुढे जा. अडचण पुढच्या ओळीत आहे: चित्रीकरणाच्या काळात तू स्वतःच्या गाडीचा व्हिडिओ कुठेही टाकायचा नाहीस. तुझ्या चॅनलला आज जे थोडे पैसे मिळतात, ते बंद. ही ओळ काढायला लाव. निदान इन-कार कॅमेऱ्याचं चित्रण तुझंच राहील असं लिहून घे.

पान 7 वर जास्त वेळ घालव. कार्यक्रमाच्या प्रायोजकाशी स्पर्धा करणाऱ्या कुठल्याही कंपनीचं नाव गाडीवर नको, असं तिथे आहे. तुझ्या दारावरचे स्टिकर शोभेचे नाहीत. त्या कंपनीचा स्पार्क प्लग किंवा तेल वापरून, स्टिकर लावून राष्ट्रीय स्पर्धेत अंतिम फेरी गाठलीस तरच त्या कंपनीकडून कंटिंजन्सीचे, म्हणजे बक्षिसाचे, पैसे मिळतात. स्टिकर निघाला की चेक निघाला. गेल्या मोसमात तुझे टायर याच पैशांतून आले होते. गावाकडे बैलगाडा घाटात फ्लेक्सवर बैलापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो, आणि तरीही बैलाला पेंड मालकच घालतो. इथेही अपघात झाला तर दुरुस्ती तुझी, हे जोडपत्र ब मध्ये बारीक अक्षरात आहे. धावपट्टीचा विमा असलाच तर तो तुझ्या हाडांचा, गाडीचा नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला मला जरा अवघड जातंय. आराखड्यात तुझं वर्णन ‘घरच्यांचा विरोध झुगारून आलेली भारतीय मुलगी’ असं केलंय. तुझ्या आईनं ट्रेलर ओढलाय, बाबांनी रात्री दोनला ट्रान्समिशन उतरवलंय. विरोध कुठला? पण संकलनाच्या टेबलावर तो तयार होईल, आणि शेजारच्या एडिसनमधले सगळे भारतीय तो बघतील. ड्रॅग रेसर शर्ली मुल्डौनीची गुलाबी गाडी सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण 1977, 1980 आणि 1982 ची टॉप फ्युएलची अजिंक्यपदं घड्याळानं दिली होती. नो-प्रेपमध्ये वेळेचा फलक बहुतेक वेळा बंदच असतो. वर्षभर पळशील आणि हातात एक टाइमस्लिप, वेळ छापलेली चिठ्ठी, नसेल.

तर माझं मत. टीव्हीला घाबरू नकोस, पण तुझी सध्याची गाडी त्यांच्यासाठी कापू नकोस. त्यांना हवी तशी गाडी त्यांनी द्यावी, तू चालव. व्हिडिओ, स्टिकर, दुरुस्ती हे तीन मुद्दे बदलले तर सही कर. चौथा मुद्दा तारखांचा: मेपल ग्रोव्ह धावपट्टीवरच्या विभागीय स्पर्धेचा आठवडा मोकळा हवा. एंगलिशटाउनची धावपट्टी 2018 मध्ये बंद झाली, ॲटकोची 2023 मध्ये गेली. आपल्या भागात आता आयलंड आणि मेपल ग्रोव्ह एवढंच उरलंय, आणि तिथे पळणाऱ्या गाड्या कमी झाल्या तर तेही विकून गोदामं बांधतील. ते काही बदलायला तयार नसतील तर नम्रपणे नाही म्हण. पुढच्या हंगामात ते नाव बदलून पुन्हा फोन करतात, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिलंय.

वकिलाचा नंबर वेगळा पाठवतो. तो तासाचे पैसे घेतो आणि फोनवर बोलत बसलीस तर तेही मोजतो, म्हणून प्रश्न आधीच लिहून पाठव. दोन्ही जोडपत्रं विसरू नकोस.

तुझा,
काका