कन्सोलच्या खोड्या ड्रायव्हरने सांभाळायच्या का?

महापेच्या डेटा सेंटरमध्ये नवीन लागलायस, तेव्हा हा वाद तुझ्यासमोर येणारच: व्हर्च्युअल मशीनचा सिरियल कन्सोल (सिरियल पोर्टवरून चालणारा, नेटवर्क न लागणारा मजकुराचा पडदा) विचित्र वागतो, मग दुरुस्ती कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या ड्रायव्हरमध्ये करायची, की हायपरव्हायजरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये?

आधी बिघाड नीट समजून घे. क्यूईएमयू हे असंच व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ते १६५५०ए या सिरियल पोर्टच्या चिपची नक्कल करतं. खरी चिप ११५२०० बॉडला (सेकंदाला इतके बिट) सेकंदाला फार तर ११५२० अक्षरं पाठवते. नकली चिपला तारच नाही! बाइट लिहिला की तो लगेच गेलेला असतो आणि ती पुढचा मागायला तयार. लिनक्समध्ये ही चिप सांभाळणारा ८२५० ड्रायव्हर इंटरप्टच्या (चिपने 'लक्ष दे' म्हणून दिलेल्या इशाऱ्याच्या) लूपमध्ये फिरत राहतो आणि ठरलेल्या फेऱ्या संपल्या की जुन्या कर्नलमध्ये तो लॉगमध्ये 'टू मच वर्क फॉर आयआरक्यू४' (या इंटरप्टसाठी फार काम) टाकायचा. बिघडलेलं काहीच नसतं. ड्रायव्हरचा हिशेब खऱ्या तारेच्या वेगावर बेतलेला असतो.

बग हायपरव्हायजरवाल्यांना कळवच. पण गिऱ्हाइकांचे जुने होस्ट (व्हर्च्युअल मशीन ज्यांवर चालतात ती खरी मशीन) वर्षानुवर्षं तसेच चालतात, आणि नेटवर्क गेलं की कन्सोलशिवाय आत शिरायला वाट नसते. म्हणून माझं स्पष्ट मत, कन्सोलपुरतं ड्रायव्हरने सांभाळून घ्यावं. मात्र खऱ्या हार्डवेअरला धक्का न लावता, आणि कुठल्या हायपरव्हायजरच्या कुठल्या आवृत्तीसाठी हे केलं ते कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाच्या नोंदीत) लिहून. ते नसेल तर पुढे तो कोड काढायची कुणाची छाती होत नाही.

नवीन व्हर्च्युअल मशीनला व्हर्टिओ कन्सोल दे, म्हणजे खऱ्या चिपची नक्कल न करता खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेला कन्सोल. तो बूटमध्ये उशिरा जागा होतो, त्यामुळे सिरियलही चालू ठेव.