नेमारचे २२ कोटी युरो जर्सी विकून वसूल होतात का?

तुम्ही विचारलंय की, पॅरिसच्या पीएसजी या फुटबॉल क्लबने २०१७ मध्ये ब्राझीलच्या नेमारसाठी स्पेनच्या बार्सिलोना क्लबला २२ कोटी २० लाख युरो मोजले, एवढा पैसा क्लब परत मिळवतो तरी कसा? आणि मित्र म्हणतात की जर्सी विकूनच बराचसा वसूल होतो, ते खरं का?

जर्सीचं आधी उरकून टाकतो, कारण ती थाप मीही बरीच वर्षं खरी मानत होतो. क्लबची जर्सी बहुतेक वेळा क्लब नव्हे, ती बनवणारी कंपनी विकते. नायके, आदिदास वगैरे. कंपनी क्लबला दरवर्षी ठरलेली रक्कम देते आणि वर विकलेल्या जर्सीवर थोडी रॉयल्टी, साधारण १० ते १५ टक्के. मँचेस्टर युनायटेडने आदिदासशी १० वर्षांचा ७५ कोटी पौंडांचा करार केला होता. तिथे खरा पैसा तो ठरलेला हप्ता. आता जर्सी शंभर युरोची धरा, क्लबच्या हाती १२ युरो आले असं समजा. २२ कोटी २० लाख वसूल करायला १ कोटी ८५ लाख जर्सी खपवाव्या लागतील, त्याही अशा माणसांना ज्यांनी नेमार नसता तर एकही घेतली नसती. आणि यात नेमारचा पगार अजून धरलेलाच नाही.

नामवंत खेळाडूचा फायदा होतो तो पुढच्या कराराच्या बोलणीत. नेमार आल्यावर वर्षभराने, सप्टेंबर २०१८ मध्ये, जॉर्डन ब्रँडने पीएसजीशी हातमिळवणी केली. बास्केटबॉलमधला तो ब्रँड फुटबॉल क्लबकडे पहिल्यांदाच वळला होता. पण यात नेमारचा वाटा किती, हे कुणी कागदावर मांडून दाखवू शकत नाही, आणि म्हणूनच विकणारे एजंट तो हवा तेवढा सांगतात.

आता मुद्द्याचं. मी फुटबॉलमधला जाणकार नव्हे. भोसरीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत हिशेब बघतो आणि शनिवार-रविवार रात्री जागून मॅच बघतो. पण हे कोडं मला सुटलं ते आमच्या ट्रकमुळे.

शेठनी ४० लाखांचा ट्रक घेतला तर ते ४० लाख आम्ही त्या वर्षीच्या खर्चात टाकत नाही. ट्रक मालमत्तेत जातो आणि त्याच्या आयुष्यभर दरवर्षी थोडा थोडा घसारा, म्हणजे किमतीतली घट, खर्चात लागतो. फुटबॉल क्लबच्या पुस्तकात खेळाडू असाच बसतो. ट्रान्सफर फी ही त्याच्या नोंदणीच्या हक्काची किंमत, आणि तिचं आयुष्य म्हणजे करार जितक्या वर्षांचा तितकं. नेमारचा करार ५ वर्षांचा. म्हणजे पीएसजीच्या नफा-तोटा पत्रकात पहिल्या वर्षी २२ कोटी २० लाख आलेच नाहीत, आले ४ कोटी ४४ लाख. शिवाय पगार, आणि पगारावरचे फ्रान्समधली भरमसाट सामाजिक सुरक्षेची वर्गणी. तरीही मोठाच आकडा, पण बातमीच्या मथळ्यातला तो नव्हे.

गंमत अशी की, जो खेळाडू विकत घेतलेलाच नाही त्याची पुस्तकी किंमत शून्य. मेस्सी लहानपणापासून बार्सिलोनाच्या अकादमीत वाढला, त्यामुळे ताळेबंदाच्या भाषेत जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू फुकटचा माल होता. आमच्याकडे शेठच्या वडिलांच्या काळातलं एक वजनकाट्याचं यंत्र आहे, अजून चोख चालतं, पुस्तकात एक रुपयाला आहे. तसंच.

रोनाल्डोचं उदाहरण घ्या, ते अगदी शाळेतल्या गणितासारखं आहे. इटलीच्या युव्हेंटस क्लबने २०१८ मध्ये रेआल माद्रिदला १० कोटी युरो दिले. वरचे खर्च धरून रक्कम साडेअकरा कोटींच्या घरात गेली. करार ४ वर्षांचा. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तो मँचेस्टर युनायटेडला परत गेला तेव्हा एक वर्ष, म्हणजे साधारण २ कोटी ९० लाख, पुस्तकात शिल्लक होते. सौदा झाला दीड कोटीचा, तोही हप्त्यांनी. युव्हेंटसने स्वतःच जाहीर केलं की १ कोटी ४० लाखांचा तोटा. जुना ट्रक पुस्तकी किमतीपेक्षा कमीला गेला की मी जी नोंद करतो, तंतोतंत तीच.

पण इथेच एक चोरवाट आहे. खरेदीचा खर्च पाच वर्षांत पसरतो, विक्रीचा नफा मात्र त्याच वर्षी पूर्ण दिसतो. मग दोन क्लबांनी एकमेकांना खेळाडू चढ्या भावात विकले तर? जून २०२० मध्ये बार्सिलोनाने आर्थर युव्हेंटसला ७ कोटी २० लाखांना दिला आणि युव्हेंटसने प्यानिच बार्सिलोनाला ६ कोटींना. खरा फरक १ कोटी २० लाखांचा. पण दोघांच्याही पुस्तकात, आर्थिक वर्ष संपायच्या तोंडावर, भला मोठा नफा उमटला. आमच्या धंद्यात दोन मालकांनी आपापले जुने ट्रक एक-एक कोटीला एकमेकांना विकले तर ऑडिटर आधी चष्मा काढून पुसेल. फुटबॉलमध्ये याला बराच काळ कुणी हरकत घेतली नाही, कारण खेळाडूचा ‘बाजारभाव’ ठरवणार कोण? पुढे नफा फुगवल्याच्या प्रकरणात इटलीत युव्हेंटसचे २०२२-२३ च्या मोसमात १० गुण कापले गेले.

चेल्सीने दुसरी शक्कल लढवली. जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिक आणि एन्झो फर्नांडिस यांना साडेआठ वर्षांचे करार दिले. करार लांब तितका दरवर्षीचा घसारा कमी. युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेने, त्याच उन्हाळ्यात नियम आणला की करार कितीही वर्षांचा करा, हिशेबात फी पाचच वर्षांत पसरवायची.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पीएसजीने २२ कोटी ‘वसूल’ केले का? माझं मत, त्यांना ते तसे वसूल करायचेच नव्हते. पीएसजी २०११ पासून कतारच्या सरकारी गुंतवणूक संस्थेच्या ताब्यात आहे. ५ जून २०१७ ला सौदी, अमिरात, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले, सीमा बंद केली. ३ ऑगस्टला नेमारचा सौदा झाला. ज्या देशाला शेजाऱ्यांनी कोपऱ्यात उभं केलंय आणि ज्याला २०२२ चा विश्वचषक भरवायचाय, त्याचं नाव जगभरच्या पहिल्या पानावर आलं, आणि तेही नाकेबंदीच्या बातमीसाठी नव्हे. याची जाहिरात म्हणून काय किंमत लावायची ती लावा. मला २२ कोटी महाग वाटत नाहीत.

सौदाही गमतीशीर झाला. नेहमीसारखी दोन क्लबांची घासाघीस नाही. स्पेनमध्ये १९८५ च्या एका हुकूमनाम्यामुळे खेळाडूला ठरावीक भरपाई देऊन करार मोडता येतो, म्हणून तिथे जवळजवळ प्रत्येक करारात हा आकडा लिहिलेला असतो. बार्सिलोनाने २२ कोटी २० लाख लिहिले होते, एवढे कोण देणार या हिशेबाने. नेमारचे वकील पैसे भरायला आधी ला लिगाच्या, म्हणजे स्पेनच्या लीगच्या, कचेरीत गेले. लीगने घ्यायला नकार दिला. मग ते थेट बार्सिलोनाच्या दारात गेले आणि भरून मोकळे झाले. बार्सिलोनाला तो विकायचा नव्हताच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेस्सीचा नवा करार झाला, त्यात आकडा टाकला ७० कोटी. चोरी झाल्यावर कुलूप.

आणि या सौद्याने बुडाला कोण? ज्याला पैसे मिळाले तो. मला सगळ्या प्रकरणातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

विचार करा, गावात एखाद्याची जमीन हायवेत गेली आणि त्याला अमुक कोटी मिळाले हे सगळ्या पंचक्रोशीला कळलं. दुसऱ्या दिवशी तो गाडी घ्यायला शोरूममध्ये गेला तर त्याला भाव कोणता सांगतील? बार्सिलोनाचं तेच झालं. खिशात २२ कोटी आहेत, नेमारची जागा रिकामी आहे, चाहते चिडलेले आहेत, आणि हे तिन्ही समोरच्याला माहीत आहे. ऑगस्ट संपायच्या आत जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबने वीस वर्षांचा डेम्बेले १० कोटी ५० लाखांना गळ्यात मारला, वर कामगिरीवर आणखी ४ कोटींपर्यंतची अट. जानेवारी २०१८ मध्ये लिव्हरपूलने कुटिन्यो १२ कोटींना दिला, वर तसेच ४ कोटी. म्हणजे नेमारचे पैसे सहा महिन्यांत संपले, आणि अटींचे धरले तर कमीच पडले. २०१९ मध्ये ग्रिझमन, पुन्हा १२ कोटी. लिव्हरपूलने मात्र त्याच काळात व्हॅन डाइक आणि अॅलिसन घेतले आणि २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली.

कुटिन्योचं पुढे काय झालं? बार्सिलोनाने त्याला जर्मनीच्या बायर्न क्लबला उसना दिला. १४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असं तुडवलं, त्यातले शेवटचे दोन गोल कुटिन्योचे. आपलाच उसना दिलेला विळा आपल्याच पायावर. त्या रात्री मी टीव्ही बंद करायलाही विसरलो होतो.

मग कोविड आला, स्टेडियम रिकामी पडली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबचे अध्यक्ष लापोर्ता यांनी सांगितलं की कर्ज १३५ कोटी युरो आणि पगाराचा बोजा उत्पन्नाच्या १०३ टक्के. त्याच्या आठवडाभर आधी मेस्सी रडत रडत निरोप घेऊन गेला होता. कुठे? पीएसजीत, नेमारकडे. फुकट. कोविडला दोष देणारे देतात, पण घरात पाणी शिरायच्या आधीच भिंतीला भेगा होत्या.

तिकडे पीएसजीलाही मेस्सी, नेमार, एम्बापे या तिघांना घेऊन चॅम्पियन्स लीग काही जिंकता आली नाही. तिघेही गेल्यावर, ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये, त्यांनी इटलीच्या इंटरला ५-० ने हरवून ती जिंकली. त्या संघात डेम्बेले होता, हो, तोच.

एक गोष्ट राहिली. फी म्हणून जो आकडा छापतात तो खरा असेलच असं नाही, आणि तो सगळा क्लबलाच जातो असंही नाही. २०१३ मध्ये बार्सिलोनाने नेमारला ब्राझीलच्या सॅन्टोस क्लबकडून आणलं तेव्हा आकडा सांगितला ५ कोटी ७१ लाख. त्यातले सॅन्टोसला १ कोटी ७१ लाखच. ४ कोटी नेमारच्या घरच्या कंपनीला. पोराच्या हक्कात ४० टक्के वाटा असलेल्या एका ब्राझिली गुंतवणूकदार कंपनीला त्या १ कोटी ७१ लाखांतलेच ४० टक्के मिळाले आणि ती कोर्टात गेली. चौकशी लागल्यावर खरा खर्च ८ कोटी ६२ लाख निघाला, आणि त्याआधीच बार्सिलोनाचे तेव्हाचे अध्यक्ष रोसेल पायउतार झाले होते. खेळाडूत असा बाहेरच्यांचा वाटा ठेवण्यावर फिफाने २०१५ मध्ये बंदी घातली.

नेमारचा पुढचा प्रवास आपल्या पुण्याशी जोडलेला आहे, म्हणून सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सौदीच्या अल हिलालने त्याला साधारण ९ कोटी युरोंना घेतलं. दहा दिवसांत आशियाई चॅम्पियन्स लीगचे गट पडले आणि अल हिलालच्या गटात आली मुंबई सिटी. सामना ६ नोव्हेंबरला, आणि बालेवाडीत होणार असं ठरलेलं! (पुढे तो नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हलवला.) माझा भाचा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने दिवाळीची यादीच बदलली. ‘मामा, फटाके नको, नेमारची जर्सी.’ कॅम्पात फॅशन स्ट्रीटवर एकाकडे हिलालची निळी, पाठीवर दहा नंबर, अशी जर्सी होती. ३५० रुपये. मी २५० म्हणालो. ‘साहेब, नेमार येतोय पुण्यात, पन्नासही कमी होणार नाही,’ असं म्हणून त्याने घडी करून परत ठेवली. मीही ताठ्यात निघून आलो.

१७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारचा गुडघा गेला. देशाकडून खेळताना दुखापत झाली तर फिफा क्लबला भरपाई देते, पण तिची मर्यादा दिवसाला २०,५४८ युरो, वर्षाला ७५ लाख. नेमारच्या पगारापुढे ते चणेफुटाणे. जानेवारी २०२५ मध्ये करार मोडेपर्यंत तो हिलालकडून एकूण ७ सामने खेळला. नुसती फी भागली तरी सामन्याला सव्वा कोटीहून जास्त युरो, म्हणजे शंभर कोटी रुपयांच्या वर. (गोवेकरांनी यावर हसू नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये रोनाल्डोचा सौदीतला क्लब अल नस्र गोव्यात फातोर्ड्याला खेळायला आला, रोनाल्डो आला नाही.)

सामन्याच्या दोन दिवस आधी मी पुन्हा फॅशन स्ट्रीटला गेलो. ढीगभर निळ्या जर्सी तशाच होत्या. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ‘दोनशेला घ्या.’ रियाधमधले हिशेबनीस ज्या घसाऱ्यावर वर्षभर डोकं खाजवणार होते, तो या गड्याने एका रात्रीत मारून टाकला होता. मी दीडशेला घेतली. हिलाल २-० ने जिंकली, आणि भाच्याच्या मापाला ती दोन नंबर मोठी निघाली.